सर्वांना सामावून घेणारी जीवशास्त्र लॅब: निवडीपासून पहिल्या काही महिन्यांपर्यंत

विद्यापीठातल्या जीवशास्त्राच्या लॅबमध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून जायचं ठरलं की बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात: विषय आवडतो का, आणि प्राध्यापकांचं नाव किती मोठं आहे. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण त्यांच्या बरोबरीने आणखी एक प्रश्न विचारायला हवा: तिथे तुमच्यासारख्या माणसाला नीट काम करता येईल का? 'आमच्याकडे सर्वांचं स्वागत आहे' असं लिहिणं सोपं असतं. लॅब खरंच सर्वांना सामावून घेते की नाही, हे तिच्या रोजच्या व्यवहारात दिसतं. मीटिंग किती वाजता असते, हातमोजे कोणत्या मापाचे मागवले जातात, पेपरवर नाव कोणाचं लागतं, प्रयोग फसला की पहिला प्रश्न कोणता येतो. यातलं बरंचसं रुजू होण्याआधीच तपासता येतं. पदवीचा प्रकल्प असो, पीएचडी असो की पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन), पायऱ्या साधारण सारख्याच आहेत.

पायरी १: कोणत्या जीवावर काम करायचं ते आधी ठरवा

विषयाआधी जीवाचा विचार करा, कारण तुमचं वेळापत्रक तोच ठरवणार आहे. ई. कोलाय हा जिवाणू चांगल्या माध्यमात ३७ अंश सेल्सिअसला साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो, यीस्टला दीड तास लागतो. सी. एलेगन्स हा सूक्ष्म कृमी तीन-साडेतीन दिवसांत अंड्यापासून प्रौढ होतो. फळमाशीची पिढी २५ अंशांना सुमारे १० दिवसांची असते. अरॅबिडॉप्सिस या लहानशा रोपाला बी ते बी सहा ते आठ आठवडे लागतात. उंदराचा गर्भकाळ १९ ते २१ दिवसांचा आणि पिल्लू प्रजननक्षम व्हायला त्यापुढे आणखी सहा ते आठ आठवडे. म्हणजे एका सत्राच्या प्रकल्पात दोन जनुकांचं उंदरांचं क्रॉसिंग कोणी देऊ करत असेल, तर हाती निष्कर्ष येण्याआधीच तुमची मुदत संपेल.

रोजचा दिवसही जीवच आखतो. फळमाश्यांच्या लॅबमध्ये व्हर्जिन माद्या गोळा करायच्या तर सकाळ-संध्याकाळ हजर राहावं लागतं, कारण कोशातून बाहेर आल्यावर जेमतेम आठ तास त्या समागम करत नाहीत. झेब्राफिश हे छोटे मासे दिवे लागल्यावर लगेच अंडी घालतात, त्यामुळे कामाची सुरुवात भल्या सकाळी. हेला या लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी साधारण दिवसभरात दुप्पट होतात, त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा पास करावं, म्हणजे थोड्या पेशी नव्या भांड्यात हलवाव्या लागतात आणि त्यात शनिवार-रविवार आलेच. उलट पेशी आणि कृमी गोठवून ठेवता येतात, त्यामुळे आजारपणात किंवा घरच्या अडचणीत काम थांबवता येतं. फळमाश्यांचे स्टॉक, म्हणजे जपून ठेवलेले वाण, मात्र सहसा जिवंतच सांभाळावे लागतात.

घरात लहान मूल आहे, सोबत नोकरी आहे, एखादा दीर्घ आजार आहे, उंदरांची ॲलर्जी आहे, ठरावीक वेळी औषध घ्यावं लागतं, यातलं काहीही असलं तरी जीवशास्त्र बंद होत नाही. फक्त कोणता जीव आणि कोणतं तंत्र, याची निवड डोळसपणे करावी लागते. आणि ज्या लॅबमध्ये 'मी सुट्टीवर असताना माझे स्टॉक कोण बघेल?' या प्रश्नाला लगेच उत्तर मिळतं, तिथे इतरांनाही आयुष्य आहे हे गृहीत धरलेलं असतं.

पायरी २: पेपर वाचा, आणि नावंही वाचा

पाच-सहा लॅबची यादी करून प्रत्येकीचे गेल्या पाच वर्षांतले पेपर काढा. ताजं काम बायोआर्काइव्हवर प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांच्या तपासणीआधीचा पेपर, म्हणून सापडतं. जीवशास्त्रासाठीचा हा साठा २०१३ पासून चालू आहे. निष्कर्ष समजून घ्या, पण लेखकांच्या यादीवरही थांबा. जीवशास्त्रात सहसा पहिलं नाव ज्याने बहुतांश काम केलं त्याचं आणि शेवटचं नाव लॅबप्रमुखाचं, म्हणजे पीआयचं असतं. पहिल्या जागी वेगवेगळी माणसं दिसतात की तेच ते एक-दोघं? पदवीचे विद्यार्थी, टेक्निशियन यांची नावं कुठे येतात का? बऱ्याच नियतकालिकांत आता कोणी काय केलं हे क्रेडिट नावाच्या १४ भूमिकांच्या वर्गीकरणानुसार लिहितात. ते दोन मिनिटांत वाचून होतं आणि पुष्कळ सांगून जातं. आभार मानताना प्राण्यांची निगा राखणाऱ्यांची, मायक्रोस्कोपी केंद्रातल्या लोकांची आठवण ठेवली आहे का, तेही बघा.

मग माजी सदस्यांची यादी. कोण कुठे गेलं? उद्योगात, शाळेत, विज्ञानलेखनात गेलेल्यांचाही उल्लेख अभिमानाने केला आहे का? काही जण वर्ष-दीड वर्षात यादीतून नाहीसे झाले असतील, तर त्यांचं काय झालं हे पुढे विचारायचं म्हणून टिपून ठेवा.

निवड कशी करतात, यालाही महत्त्व आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या जागेसाठी एकच अर्ज दाखवला गेला. काहींच्या हातातल्या अर्जावर नाव जॉन होतं, काहींच्या हातातल्या अर्जावर जेनिफर. अर्जातलं बाकी सारं अक्षरशः तेच. तरी जॉन जास्त सक्षम ठरला, त्याला पगारही जास्त देऊ केला गेला, आणि स्त्री प्राध्यापकांनीही तसाच कल दाखवला. म्हणूनच सगळ्या उमेदवारांना तेच लेखी प्रश्न विचारणारी, निकष आधी जाहीर करणारी लॅब दिसली की मला बरं वाटतं. चांगल्या हेतूंवर सोडून भागत नाही, पद्धतच तशी लावावी लागते.

पायरी ३: ईमेल

लहान लिहा. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवलेला असला तर पहिल्या ओळीत कळतं. समोरची व्यक्ती स्त्री आहे की पुरुष हे माहीत नसताना 'सर' लिहू नका, 'प्राध्यापक' आणि आडनाव पुरतं. नमुना असा:

> आदरणीय प्राध्यापक …,
> मी जीवशास्त्राच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जखम भरताना पेशी कोणत्या दिशेने सरकतात यावरचा तुमच्या लॅबचा ताजा पेपर मी वाचला. त्यातल्या तिसऱ्या आकृतीत नियंत्रण गटातल्या पेशींचाही वेग पहिल्या तासानंतर कमी होतो. तो माध्यम बदलल्यामुळे होतो का, असा प्रश्न मला पडला. मला पीसीआर आणि जेल येतं, पेशींचं कल्चर अजून केलेलं नाही आणि ते शिकायचं आहे. पुढच्या सत्रात आठवड्याला दहा तास देऊ शकेन. तुमच्याकडे प्रशिक्षणार्थी घेण्याचा विचार असेल तर वीस मिनिटं भेटता येईल का? सोबत एका पानाचा बायोडेटा जोडला आहे.

यात एक खरा प्रश्न आहे, येतं काय आणि येत नाही काय दोन्ही सांगितलं आहे, आणि वेळ किती ते स्पष्ट आहे. एवढं पुरेसं. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करा. अपंगत्व, आजार, गर्भारपण यांचा उल्लेख या टप्प्यावर करायची गरज नाही. करायचा की नाही आणि कधी, हे सर्वस्वी तुमच्या हाती आहे. भेटीच्या जागी रॅम्प हवा किंवा दुभाषा हवा असेल, तर तेवढंच भेट ठरवताना सांगा.

पायरी ४: भेट द्या आणि नीट बघा

सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते, म्हणून घाई करू नका. शक्य असेल तर ज्या दिवशी लॅब मीटिंग असते त्याच दिवशी जा.

बेंचकडे बघा. हातमोज्यांच्या खोक्यांवर फक्त मध्यम आणि मोठं माप आहे की लहानही? लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी नायट्राइल आहेत का? मोठ्या हातमोज्यात लहान हात घालून एपेंडॉर्फ ट्यूबचं (प्लास्टिकच्या इवल्याशा नळीचं) झाकण उघडून बघितलंत, तर हे बारीकसारीक का नाही ते कळेल: बोटाच्या टोकाशी सैल रबर दुमडतं, झाकणात अडकतं, नमुना सांडतो, आणि ते माप ज्याचं नाही त्याच्यावर 'हात साफ नाही' असा शिक्का बसतो. लॅब कोटांची मापंही बघा. एखादं तरी बेंच उंची बदलता येण्याजोगं आहे का, वाटेत खोकी रचली आहेत का, आयवॉशपर्यंत (डोळे धुण्याच्या नळापर्यंत) खुर्चीत बसून हात पोचतो का, तेही बघा.

मग मीटिंगमध्ये दाखवतात त्या स्लाइडकडे. पेशींचे भाग चमकत्या रंगांत दाखवणारी फ्लुरोसन्स चित्रं लाल-हिरव्यात दाखवत असतील तर रंगांधळेपणा असणाऱ्याला दोन रंग कुठे एकत्र आलेत ते दिसतच नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण जवळपास ८ टक्के आहे, म्हणजे बऱ्याच मीटिंगमध्ये एखादी तरी व्यक्ती अशी असणार. लालच्या जागी मॅजेंटा वापरला आणि प्रत्येक रंगाचा चॅनल वेगळा करड्या छटांत दाखवला की प्रश्न मिटतो. खर्च शून्य आहे. हे ज्यांना सुचलंय त्यांनी इतरही गोष्टींचा विचार केलेला असतो, असा माझा अनुभव आहे.

मीटिंगमध्ये कोण बोलतं ते ऐका. नव्या मुलीने अगदी साधा प्रश्न विचारला तर समोरच्यांनी उत्तर दिलं की एकमेकांकडे बघितलं? एखाद्याचा वेस्टर्न ब्लॉट (जेलमधली प्रथिनं पडद्यावर उतरवून ओळखण्याची चाचणी) रिकामा आला तर 'पुन्हा कर' म्हणाले की 'ट्रान्सफर झालं का ते पाँसो लावून बघितलंस का?', म्हणजे प्रथिनं पडद्यावर उतरली का ते रंग लावून पाहिलंस का, असं विचारलं? दुसऱ्या प्रश्नात शिकवणं आहे.

लॅबप्रमुखांना हे विचारा: माझं रोजचं शिकणं कोणाकडे असेल? आपण दोघं किती दिवसांनी भेटू? पहिल्या सहा महिन्यांत मी काय केलं तर तुम्हाला समाधान वाटेल? प्रकल्प फसला तर पुढे काय? मग सदस्यांना एकेकट्यानं गाठा, लॅबप्रमुख खोलीत नसताना: शेवटची सुट्टी कधी घेतलीस? मतभेद झाला तेव्हा काय झालं? पुन्हा निवड करायची वेळ आली तर इथेच येशील? या शेवटच्या प्रश्नानंतर किती वेळ शांतता राहते तेही ऐका. सोडून गेलेल्या किमान एकाशी तरी बोला.

स्टॅनफर्डचे मेंदूशास्त्रज्ञ बेन बॅरेस लॅब निवडणाऱ्या विद्यार्थ्यांना कळकळीने सांगत, की मार्गदर्शकाचं विज्ञान जितकं तपासता तितकीच माणसं घडवण्याची त्याची कुवतही तपासा. बॅरेस ट्रान्सजेंडर होते, १९९७ मध्ये त्यांनी लिंगबदल केला. त्यानंतर एका व्याख्यानाला आलेल्या कुणीतरी 'यांचं काम यांच्या बहिणीपेक्षा फारच चांगलं' असं म्हटल्याचं त्यांच्या कानावर आलं. ती 'बहीण' म्हणजे पूर्वीचे ते स्वतःच. कामाचं मोल नावावरून कसं बदलतं हे त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिलं होतं, म्हणून त्यांचा हा सल्ला मला फार वजनाचा वाटतो.

पायरी ५: होकार देण्याआधी लेखी

पुष्कळ लॅबकडे आता स्वतःची नियमपुस्तिका असते. नसेल तर भेटीनंतर तुम्हीच एक ईमेल लिहा: 'आपलं जे बोलणं झालं ते असं मला समजलं, चुकत असेल तर सांगा.' त्यात असाव्यात या गोष्टी: कामाचे तास आणि सुट्ट्या, पैसे कोण आणि किती काळ देणार, प्रकल्प तुमचा एकट्याचा की वाटून, लेखकत्व कशावर ठरणार, लॅब सोडताना डेटा आणि स्ट्रेन (तुम्ही तयार केलेले जीवांचे वाण) यांचं काय, परिषदेचा खर्च. लेखकत्वाचं बोलणं प्रयोग सुरू होण्याआधी करायला लाजू नका. पेपर तयार झाल्यावर तेच बोलणं फार अवघड जातं.

पूर्णवेळ बिनपगारी प्रशिक्षण देऊ करणाऱ्या लॅबबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्या घरी पैसा आहे त्यालाच ती जागा परवडते, मग दारावर काहीही लिहिलेलं असो. अभ्यासक्रमाचे क्रेडिट मिळत असतील तर गोष्ट वेगळी.

सोयी मागायच्या असतील तर विद्यापीठात त्यासाठी बहुधा स्वतंत्र कक्ष असतो. वैद्यकीय कागद तिथेच द्या, लॅबप्रमुखांना निदान सांगायची गरज नाही, गरज काय आहे ती सांगितली की झालं. मागणी जितकी नेमकी तितकी लवकर पुरी होते. 'मदत हवी' यापेक्षा 'अंगठ्यावर ताण न येणारा इलेक्ट्रॉनिक पिपेट', 'बसून काम करता येईल असं बेंच', 'टायमरला आवाजाऐवजी कंपन आणि दिवा', 'प्रोटोकॉल स्क्रीन रीडरने वाचता येईल अशा फाइलमध्ये' असं लिहा. वस्तू यायला आठवडे लागतात, त्यामुळे रुजू होण्याआधीच अर्ज करा. गर्भारपण असेल किंवा त्याचा विचार असेल तर सुरक्षा अधिकाऱ्याशी खासगीत बोलून फॉर्मामाइड, किरणोत्सारी समस्थानिकं, भुलीचा आयसोफ्लुरेन वायू यांपासून दूर राहता येईल असं काम आखून घ्या.

आणि 'हे काम तुम्हाला कसं जमणार?' असं कोणी म्हटलंच, तर खेरात व्हर्मेइ यांचं उदाहरण लक्षात ठेवा. लहानपणीच, वयाच्या तिसऱ्या वर्षी, दृष्टी गेलेले हे उत्क्रांतीशास्त्रज्ञ बोटांनी शिंपले तपासतात. शिंपल्यांवरच्या तुटण्या-सांधण्याच्या खुणांवरून शिकारी आणि भक्ष्य यांच्यातली चढाओढ कोट्यवधी वर्षं कशी चालत आली, हे त्यांनी मांडलं.

पायरी ६: पहिले काही आठवडे

सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत बेंचला हात लावू नका, कोणी घाई केली तरी. जैवसुरक्षेच्या चार पातळ्या असतात. बहुतेक प्रशिक्षणार्थी पहिल्या किंवा दुसऱ्या पातळीवर काम करतात. मानवी रक्ताशी संबंध येणार असेल तर हिपॅटायटिस बीची लस घेतलेली असावी. प्राण्यांवरच्या कामासाठी तुमचं नाव मंजूर प्रोटोकॉलवर (प्रयोगाच्या लेखी आराखड्यावर) आधी चढलं पाहिजे. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो, हे सगळे सांगतात. तो वायू होऊन बंद जागेतला ऑक्सिजन हटवतो, म्हणून त्याच्या भांड्यासोबत लिफ्टमध्ये चढायचं नाही, हे मात्र सांगायचं राहून जातं. हातमोजा घातलेल्या हाताने दाराची मूठ आणि फोन धरायचा नाही.

नवं तंत्र तीन फेऱ्यांत शिका: एकदा बघायचं, एकदा सोबत करायचं, एकदा तुम्ही करायचं आणि शिकवणाऱ्याने बघायचं. तिसरी फेरी लोक वगळतात. ती आग्रहाने मागा.

पिपेट, म्हणजे द्रवाचे थेंब मोजून घ्यायचं उपकरण, धरायला पहिल्याच दिवशी असं शिका. तराजूवर लहानसं भांडं ठेवून शून्य करा. १०० मायक्रोलिटर पाणी घ्या: पहिल्या थांब्यापर्यंत दाबून टोक पाण्यात जेमतेम दोन-तीन मिलिमीटर बुडवा, बटण सावकाश सोडा, क्षणभर थांबा, मग बाहेर. भांड्याच्या भिंतीला टेकवून दुसऱ्या थांब्यापर्यंत सोडा. आकडा ०.१ ग्रॅमच्या आसपास यायला हवा. असं दहा वेळा करा. सगळे आकडे सारखेच कमी येत असतील तर बहुधा पिपेट तपासायला हवा, वर-खाली होत असतील तर हात. दोष उपकरणाचा की हाताचा हे असं मोजून कळलं, की उगाच कोणाला ओशाळावं लागत नाही.

वही त्याच दिवशी लिहा. तारीख, काय केलं आणि का, अभिकर्मकाचा लॉट क्रमांक, नमुना कोणत्या फ्रीजरच्या कोणत्या खणात. फसलेला प्रयोगही पूर्ण लिहा. पान फाडू नका. चूक झाली तर एक रेघ मारून पुढे लिहा, खालचं वाचता आलं पाहिजे. प्रत्येक पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती काढण्याच्या प्रक्रियेत) डीएनए न घातलेली एक नळी ठेवा. तिच्यात पट्टा दिसला तर बाकी जेलवर विश्वास ठेवू नका.

हेला पेशी हातात आल्या तर त्या कोणाच्या हेही जाणून घ्या. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून त्या तिच्या संमतीशिवाय घेतल्या गेल्या. त्या पेशींच्या जीनोमची माहिती कोणाला मिळावी यात तिच्या कुटुंबाला स्थान मिळालं ते २०१३ मध्ये. नव्या माणसाला फ्लास्क देताना हे सांगणारी लॅब मला आदराची वाटते.

पायरी ७: रोजचं जमवून घेणं

लॅबप्रमुखांबरोबरच्या प्रत्येक भेटीनंतर चार ओळींचा ईमेल पाठवा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. तोंडी सूचना पटकन पकडता न येणाऱ्यांना, दुसऱ्या भाषेत काम करणाऱ्यांना तर याचा मोठाच आधार होतो. एकाच मार्गदर्शकावर भिस्त ठेवू नका. तंत्रासाठी एक, करिअरसाठी एक, मन मोकळं करायला लॅबबाहेरचं एक, अशी माणसं जोडा.

तुम्हीही आता त्या लॅबचा भाग आहात. सहकाऱ्याचं नाव नीट उच्चारायला शिका, विचारून घ्या. बफर बनवणं, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) लावणं, वाढदिवसाचं ठरवणं ही कामं नकळत त्याच त्या व्यक्तींवर, बऱ्याचदा मुलींवर पडतात. फिरती यादी करून भिंतीवर लावा, आणि पहिल्या आठवड्यात स्वतःचं नाव घाला. मीटिंगमध्ये कोणाची कल्पना दुसऱ्याच्या नावावर जाऊ लागली तर 'हे मघाशी तिने मांडलं होतं' एवढं म्हणा.

पायरी ८: बिघडलं तर

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. कामाची पद्धत जुळत नाही, उत्तरं उशिरा मिळतात, अपेक्षा स्पष्ट नाहीत, हे बोलून सुटू शकतं. आधी लेखी अजेंडा घेऊन थेट बोला. छळ, भेदभाव, आकडे बदलायला सांगणं, धमकी, हे वेगळं. तिथे एकट्याने समजूत काढत बसू नका. तारीख, वेळ, शब्द, हजर असलेली माणसं लगेच लिहून ठेवा, आणि ती नोंद लॅबच्या संगणकावर ठेवू नका. लोकपाल, विभागाचे समन्वयक, तक्रार समिती यांच्यापैकी कोणाकडे गेल्यावर बोलणं गोपनीय राहतं आणि कोणाला ते पुढे कळवावंच लागतं, हे आधी विचारा, मग तपशील सांगा. लॅब बदलता येते, आणि लवकर बदलली तर नुकसान कमी होतं.

निघताना

शेवटचे दोन आठवडे प्रयोगांसाठी मोजू नका, ते हस्तांतरणासाठी ठेवा. उणे ८० च्या फ्रीजरमधल्या प्रत्येक खोक्यावर नाव, तारीख, आत काय आहे ते लिहा आणि त्याची यादी सामायिक ड्राइव्हवर ठेवा. गोठवलेल्या स्टॉकपैकी एक नळी वितळवून तो जगतो याची खात्री करा. ओआरसीआयडी हा संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक काढलेला नसेल तर काढा, म्हणजे नाव किंवा पत्ता बदलला तरी तुमचं काम तुमच्याच नावावर राहील. शिफारसपत्र कोण देणार हे जाण्याआधी विचारून ठेवा. आणि तुमच्या जागी येणाऱ्या व्यक्तीला, ती येण्याआधी, लॅबबद्दल प्रामाणिकपणे बोलायला तुम्ही तयार आहात हे कळवा.